दोन तास चालू करायचं नाही

फ्रीजवाला कुणाच्याही घरी गेला की आधी पेचकस काढत नसे. बंद दाराला कान लावून उभा राहायचा, तोंडावर बोट ठेवून घरच्यांना गप्प करायचा आणि दोन मिनिटं नुसतं ऐकायचा. कॉम्प्रेसर धापा टाकतोय, की पंख्याला बर्फ घासतोय, की गॅसच संपलाय, हे त्याला मागची पत्र्याची झडप न खोलता कळायचं. लोक हसायचे. "काय डॉक्टर, नाडी लागली का?" म्हणायचे. हसेनात का! पंचवीस वर्षं त्या कानांवरच त्याचं पोट चाललं होतं.

त्याचा दुसरा हट्ट दोन तासांचा. फ्रीज इकडून तिकडे हलवला की दोन तास चालू करायचा नाही. हलवाहलवीत कॉम्प्रेसरचं तेल भलतीकडे जातं, ते खाली बसायला वेळ द्यावा लागतो. हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचा, आणि निम्मी गिऱ्हाइकं हा जिना उतरायच्या आत बटण दाबून मोकळी व्हायची. मग महिन्याभरात फोन यायचा. "सांगितलं होतं ना, दोन तास?" एवढं म्हणायचं सुख तो कधी सोडत नसे.

असा तिखट कानांचा माणूस घरात मात्र ठार बहिरा आहे, असं त्याच्या बायकोचं मत होतं. आता ती त्याची बायको राहिली नाही, पण मत कायम आहे.

दोघांना वेगळं होऊन पाच वर्षं झाली होती. भांडणं संपली असं कुणी समजू नये. भांडणांना वेळापत्रक मिळालं, इतकंच. ती कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. लोकांच्या तोंडात नीट बसतील असे दात दिवसभर घासत बसायचं काम, त्यामुळे केसाएवढा फरक तिला खपत नसे. मुलगी एकच, चौदाची. एक आठवडा बापाकडे, एक आठवडा आईकडे, दर रविवारी संध्याकाळी बदली. पहिल्याच वर्षी कंपासपेटी बापाच्या घरी राहिली आणि भूमितीचा पेपर आईच्या आठवड्यात आला. त्यावरून महिनाभर जे रणकंदन माजलं, त्यातून एक नियम निघाला: ज्या घरची वस्तू त्या घरी. कवळीवालीनं तो आपल्या सुबक अक्षरात दोन कागदांवर लिहिला आणि दोन्ही फ्रीजच्या दारांवर लोहचुंबकाखाली लावला. तेव्हापासून पोरीला दोन कंपासपेट्या, चपलांचे दोन जोड, दोन ब्रश, दोन उशा. नावंसुद्धा दोन. आई तिला 'बाई' म्हणायची आणि बाप 'भुंगा', कारण खेळात रमली की ती नाकातल्या नाकात गुणगुणायची. रविवारी निघताना तिच्या पाठीवर शाळेचं दप्तर असायचं, बाकी हात हलवत जायची.

आणि ह्या सुट्टीत कवळीवालीनं त्याला आपल्या जिन्यात गाठलं.

"नववीत जाईल ती आता," ती म्हणाली. "हे आठवड्याआठवड्याला उचलून ठेवणं पुरे झालं. कुठेतरी एका जागी स्थिर होऊ दे."

"कुठेतरी म्हणजे तुझ्याकडे."

"तिला विचारू. ती म्हणेल तिथे. शाळा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी विचारू. दुसरीकडे शनिवार-रविवार जाईल."

"विचार की," फ्रीजवाला म्हणाला. मोठ्या रुबाबात म्हणाला. आणि खाली येऊन गाडीत बसला, तर पहिल्याच वळणावर भलत्याच गल्लीत शिरला.

कारण पोर काय म्हणणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. शाळा आईच्या घरापासून पाच मिनिटांवर, ह्याच्याकडून दोन बस बदलून. आईकडे तिला स्वतःची खोली, मैत्रिणी खालच्याच मजल्यावर. ह्याच्याकडे दुकानावरच्या दोन खोल्या आणि जिन्यात ओळीनं उभे केलेले सहा मेलेले फ्रीज. पोर गेली की आठवड्यातले दोन दिवस उरणार, त्यातही कधी परीक्षा, कधी वाढदिवस, कधी पाहुणे. दोनाचा एक होणार आणि एकाचं "बाबा, ह्या वेळी जमणार नाही." पाच वर्षं तिच्याविना रिकामा आठवडा तो दातावर दात ठेवून काढत होता, पुढचा भरलेला येणार म्हणून. आता भरलेला आठवडाच जाणार होता.

त्यात एक शब्द दिलेला होता. चौदावं लागलं की गेमिंगचं मशीन. भुंगा पाच मुलींच्या टीममध्ये खेळायची. रोज संध्याकाळी सहाला प्रॅक्टिस. आईकडे लॅबमधून मोडीत काढलेला एक लॅपटॉप होता, तो खोकत का होईना चालायचा. बापाकडे काहीच नव्हतं. म्हणजे बापाचा आठवडा आला की टीममध्ये चारच जणी. मुली कुरकुरत होत्या, आणि त्यांचं तरी काय चुकलं? एक आठवडा असणारा आणि एक आठवडा नसणारा गडी कुणाला हवा असतो?

"मग काय घ्यायचं, भुंग्या?" त्यानं शनिवारी गाडीत विचारलं. "डेस्कटॉप की लॅपटॉप?"

"लॅपटॉप," ती म्हणाली. श्वास घ्यायलासुद्धा थांबली नाही.

इथेच घोडं पेंड खात होतं. फ्रीजवाल्यानं पंधरा दिवस मनातल्या मनात डेस्कटॉप मांडून ठेवला होता. डेस्कटॉप म्हणजे टेबल आलं, खुर्ची आली, मॉनिटर आला, वायरींचा गुंता आला. ते काही उठून चालायला लागत नाही. ज्या घरची वस्तू त्या घरी. आणि जिथे ती वस्तू, तिथे पोर. हे त्यानं शब्दांत स्वतःलाही सांगितलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं असतं, पण चोर ते बोलून दाखवत नाही.

कॉम्प्युटरच्या दुकानातली बाई चांगली होती. चष्मा कपाळावर, बोलणं सरळ. तिनं दोन्ही दाखवले. "हे बघा, त्याच पैशात डेस्कटॉप जास्त दमदार पडतो. उद्या ग्राफिक्स कार्ड जुनं झालं तर तेवढंच बदला, रॅम वाढवा, पंखा बदला. लॅपटॉपमध्ये बरंचसं आत डकवलेलं असतं. आणि गेम खेळताना तापतो, पंखा ओरडतो, बॅटरी तासाभरात मान टाकते. म्हणजे वायर लावूनच खेळायचं."

"ऐकलंस?" फ्रीजवाला खुलला. लॅपटॉपच्या पाठीवर त्यानं तळहात ठेवला, गिऱ्हाइकाच्या फ्रीजवर ठेवतात तसा. "अगं, फ्रीजच्या मागे वीतभर जागा सोडावी लागते हवेला. ह्याच्या पोटात वहीएवढी जागा नाही. हा श्वास कुठून घेणार?"

"मी खाली स्टँड लावीन," भुंगा म्हणाली.

"आणि त्याचा चार्जर बघ. वीट आहे नुसती."

"उचलीन मी वीट."

"पडला म्हणजे?"

"नाही पडणार."

बाई दोघांकडे बघत होती. मग तिनं विचारायला नको तेच विचारलं. "मशीन राहणार कुठे? त्यावर ठरवा ना. एका जागी राहणार असेल तर डेस्कटॉप. न्यायचं-आणायचं असेल तर लॅपटॉप."

"घरी राहणार," फ्रीजवाला म्हणाला.

 भुंग्यानं सुट्टीतही मुद्दाम पाठीवर आणलेलं दप्तर काढलं, वह्या बाहेर काउंटरवर ठेवल्या, "बघू का?" म्हणून बाईला विचारलं आणि तो काळा लॅपटॉप दप्तरात सरकवला. मग वीट. मग वह्या परत. चेन लागली. दप्तर पाठीला लावून ती दुकानाच्या दारापर्यंत चालत गेली आणि परत आली. चेहरा असा फुलला होता की बाईसुद्धा हसली. "बसतो, बाबा! चेन पण लागते!"

फ्रीजवाल्याला मात्र दिसलं ते एवढंच की त्याची पोर दप्तर पाठीला लावून दाराबाहेर चाललीय आणि ह्या वेळी मागे काहीच उरलेलं नाही. 

"करू विचार," तो म्हणाला. "घाई कसली आहे?"

रविवारी ती आईकडे गेली. बुधवारी त्यानं एकट्यानं जाऊन डेस्कटॉप घेतला.

तुम्ही म्हणाल, माणूस वाईट. वाईट नव्हता हो. गुरुवारचा अख्खा दिवस त्यानं एकही काम घेतलं नाही. खिडकीजवळची आपली खाट उचलून आतल्या अंधाऱ्या खोलीत नेली आणि त्या जागी टेबल मांडलं. सीपीयूच्या डब्यामागे मोजून वीतभर जागा सोडली. वायरी फ्रीजच्या नळ्यांसारख्या नीट बांधून टेबलाच्या मागच्या पायाला घट्ट केल्या. खुर्ची आणली, तिचे हात भुंग्याच्या कोपराच्या अंदाजानं खालीवर केले. सगळं झाल्यावर मशीन चालू केलं आणि सवयीनं डब्याला कान लावला. पंखे एका लयीत, खालच्या पट्टीत घुमत होते. कुठे घासणं नाही, कुठे धाप नाही. "वा, काय थंड चालतंय!" तो एकटाच मोठ्यानं म्हणाला. डब्याचा आवाज त्याला पाठ झाला. मुलीनं गाडीत, दुकानात आणि काउंटरवर तीनदा एकच गोष्ट सांगितली होती, ती मात्र ह्या कानानं घेऊन त्या कानानं सोडून दिली होती.

रविवारी संध्याकाळी भुंगा आली. दारातच थांबली.

"बस ना!" फ्रीजवाल्यानं खुर्ची फिरवली. "बस, बस. खास तुझ्या मापाची लावलीय."

ती बसली. कीबोर्डवरून हात फिरवला. कीबोर्डचे दिवे लागले, निळे, हिरवे. "भारी आहे," ती म्हणाली. मग उठून उभी राहिली आणि म्हणाली, "थँक यू, बाबा."

चौदा वर्षांत तिनं त्याला कधी थँक यू म्हटलं नव्हतं. त्याच्या ताटातलं ओढून खायची, त्याचे मोजे घालायची, त्याच्या पेचकसानं डब्यांची झाकणं उचकटून पेचकस बिघडवायची आणि वर त्यालाच दटावायची. थँक यू पाहुणे म्हणतात. फ्रीजवाल्याला कुठेतरी खुपलं, पण कुठे ते त्यानं शोधलं नाही.

तो आठवडा बाहेरून बघणाऱ्याला सुखाचा वाटला असता. रोज सहाला ती टेबलाशी. पाचही मुली हजर. खेळ सुसाट. संपला की ती मशीन नीट बंद करायची, खुर्ची टेबलाखाली सरकवायची, "झालं माझं," म्हणून सांगायची, जणू कुणाचं तरी वापरायला घेतलंय. फ्रीजवाला स्वयंपाकाच्या ओट्याशी उभा राहून ऐकायचा. पंखे घुमत होते, बटणं वाजत होती, मैत्रिणींचा कलकलाट येत होता. काय कमी आहे ते त्याला मंगळवारी कळलं. भुंगा गुणगुणत नव्हती.

"आवडलं नाही का?" त्यानं जेवताना विचारलं.

"आवडलं की. भारी आहे."

"मग तोंड का असं?"

"कसं?"

"असं."

"माझं तोंड असंच आहे, बाबा," ती म्हणाली आणि ताट उचलून उठली.

गुरुवारी तो एका गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात फ्रीजला कान लावून उभा होता, तेवढ्यात खिशात फोन वाजला. कवळीवाली. कामाच्या वेळी ती कधी फोन करत नसे.

"डेस्कटॉप घेतलास?"

"घेतला. का? तुझी परवानगी लागते?"

"भांडायला नाही केला फोन. ऐक जरा. गेल्या आठवड्यात तिनं मला समोर बसवलं. म्हणाली, आई, मला एका जागी बसवू नका. मी जागेमुळे अडकत नाही, मशीनमुळे अडकते. बाबा लॅपटॉप घेतोय. तो मी दप्तरातून दोन्हीकडे नेईन. तिकडेही प्रॅक्टिस होईल, इकडेही. फक्त तुमचा तो फ्रीजवरचा नियम ह्या एका वस्तूपुरता मोडा."

फ्रीजवाल्यानं फ्रीजला लावलेला कान काढला.

"मी मोडला," ती म्हणाली. "एवढं नीट मांडून सांगितलं पोरीनं, मला नाही म्हणवेना. म्हटलं, चालेल, राहू दे अर्धं-अर्धं. बाबाला मीच सांगते म्हणाली. आधी मशीन घरी येऊ दे, मग सांगते."

"मग?"

"मग काय! काल फोन करून म्हणते, आई, तू म्हणतेस तसंच करू. तुझ्याकडेच राहते. शनिवार-रविवार बाबाकडे." ती थांबली. "मला हवं होतं तेच झालं. पण तिचा आवाज ऐकून मला जेवण गेलं नाही. तू काय केलंस रे तिथे?"

"काही नाही. मशीन घेतलं."

"तिनं लॅपटॉप सांगितला होता ना?"

"हो."

"मग?"

 फोन बंद झाल्यावर त्यानं परत फ्रीजला कान लावला. एक मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. काही म्हणता काही ऐकू येईना. घरातली म्हातारी म्हणाली, "काय झालं हो? गेला का?" तेव्हा तो म्हणाला, "उद्या येतो, आजी. आज माझं डोकं ठिकाणावर नाही."

तिथून तो थेट कॉम्प्युटरच्या दुकानात गेला. बाईनं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, पावती बघितली आणि मान हलवली. "जोडलेलं, वापरलेलं मशीन नव्याच्या भावात कसं घेऊ मी? निम्म्यात घेईन. तेवढ्यात लॅपटॉप नाही यायचा." मग हळू आवाजात म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला. मशीन राहणार कुठे, म्हणून."

"विचारलं होतंत," तो म्हणाला.

शुक्रवार, शनिवार तो आणि भुंगा एकमेकांशी हवापाण्याच्या गप्पा मारत राहिले. त्याला बोलायचं होतं. पण तो उठून जिन्यातल्या एखाद्या मेलेल्या फ्रीजचा पत्रा खोलत बसायचा. रविवार उजाडला. विचारायचा रविवार. दुपारी भुंगा दप्तर भरायला लागली, तेव्हा त्याच्यानं राहवेना.

"आईचा फोन आला होता," तो म्हणाला.

तिचे हात थांबले. "काय म्हणाली?"

"सगळं." तो खाली सतरंजीवर बसला. "तू मला का नाही सांगितलंस, भुंग्या? दोन्हीकडे न्यायचा होता म्हणून?"

"सांगितलं की! लॅपटॉप म्हटलं तीनदा!" आणि मग ती भडकलीच. इतक्या दिवसांची पाहुणी एका क्षणात गेली आणि त्याची पोर समोर उभी राहिली. "दप्तरात घालून दाखवला तुला! तू बघत होतास! सरप्राइज द्यायचं होतं मला. तू हो म्हणालास की सांगणार होते, बाबा, आता मला कुठलंच घर सोडावं लागणार नाही. आणि तू एकटा जाऊन हे घेऊन आलास!"

"मला वाटलं—"

"तुला वाटलं मी येणार नाही."

"हो," फ्रीजवाला म्हणाला. एकदाचं म्हणाला. "मला भीती वाटली. वाटलं, हे इथे असलं की तू इथे राहशील."

"मग इथे राहिले असते तर आईला काय वाटलं असतं? मशीनसाठी बाबाकडे गेली! आणि तुला काय वाटलं असतं? तुलाही तेच वाटलं असतं!" तिचं नाक लाल झालं होतं, डोळे भरले होते. "मला मशीनसाठी घर निवडायचं नव्हतं, बाबा. म्हणून मी आईला हो म्हटलं. तिथे तो खोकणारा लॅपटॉप आहे ना, बस झाला."

 आपण पोरीला धरून ठेवायला दोरी वळली आणि तिच्याच गळ्यात अडकवली, हे फ्रीजवाल्याला आता कळलं. शरमेनं त्याचे कान गरम झाले. तिची माफी मागावी तर कुठल्या तोंडानं? माफीचे शब्द त्याला कधी धड जमले नव्हते; लग्न मोडलं त्यात तेही एक कलम होतं. पण हात होते, आणि हातांना एक काम नक्की येत होतं.

तो उठला. जिन्याखालून हातगाडी काढली. फ्रीज बांधायचे रुंद पट्टे काढले, खाटेवरची रजई काढली.

"काय करतोयस?" भुंगा म्हणाली.

"मॉनिटरच्या वायरी सोडव."

"कशाला?"

"हे आईकडे न्यायचं. पुढच्या रविवारी इकडे आणायचं. त्याच्या पुढच्या रविवारी परत तिकडे."

"दर आठवड्याला?"

"चारशे लिटरचा फ्रीज चौथ्या मजल्यावर चढवतो मी. हे काय, खेळणं आहे."

"बाबा, वेडेपणा करू नकोस."

"तुला आईकडेच राहायचं असेल तर राहा," तो म्हणाला.  "ते मी विचारत नाही. आई विचारेल, तिला सांग. पण मशीनपायी राहू नकोस. मशीन तू असशील तिथे येईल. माझी कटकट मी निस्तरतो. वायरी सोडव."

तिनं वायरी सोडवल्या. सीपीयू रजईत गुंडाळला, मॉनिटर घरातल्या दोन्ही उशांच्या मध्ये घातला, पट्टे आवळले. गाडीत तो डबा त्यानं फ्रीजसारखाच ताठ उभा बांधला.  प्रत्येक खड्ड्याला भुंगा मागे वळून बघायची आणि तो वेग कमी करायचा.

कवळीवालीचं घर तिसऱ्या मजल्यावर. तिनं दार उघडलं तर समोर घामानं निथळणारा माणूस, हातगाडी, रजईतलं गाठोडं आणि मागे मॉनिटर पोटाशी धरलेली पोर.

"हे काय आणि?" ती म्हणाली.

"हे दोन्ही घरांचं," फ्रीजवाला धापा टाकत म्हणाला. "दर रविवारी मी नेणार, मी आणणार. नियमाच्या कागदावर लिही हवं तर."

"किती दिवस करशील?"

"पाय चालतात तोवर."

तिनं मुलीच्या तोंडाकडे बघितलं. दारातून बाजूला झाली. पाच वर्षांत तो पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत आला. इकडेतिकडे न बघता सरळ मुलीच्या खोलीत गेला, टेबलावरचा खोकणारा लॅपटॉप अलगद बाजूला ठेवला, डबा मांडला, मागे वीतभर जागा सोडली. भुंगा वायरी जोडत गेली. शेवटची, भिंतीतली, तिच्या हातात होती. आणि त्यानं पंचवीस वर्षं प्रत्येक जिना उतरण्याआधी म्हटलेलं वाक्य म्हटलं.

"आता दोन तास चालू करायचं नाही. हलवलंय ना. बसू दे सगळं खाली."

सवयीनं म्हणाला की मुद्दाम, हे त्यालाही सांगता आलं नसतं. कॉम्प्युटरात ना गॅस ना तेल. हे न कळायला भुंगा काही दूधखुळी नव्हती. तिचं तोंड उघडलं. मग मिटलं. तिनं बापाच्या शर्टाच्या ओल्या पाठीकडे बघितलं, दारात उभ्या आईकडे बघितलं. आईला फ्रीजची ती दोन तासांची गोष्ट लग्नापासून पाठ होती.

"बाई," आई म्हणाली, "आज तुला विचारायचं होतं."

"थांब, आई." भुंग्यानं हातातली वायर टेबलावर ठेवून दिली. "बाबा, पुढच्या रविवारी तिकडे नेल्यावरपण दोन तास?"

"तिकडेपण," तो म्हणाला.

"मग मला संध्याकाळी येऊन चालणार नाही. सहाला प्रॅक्टिस असते." ती त्याच्याकडे न बघता वायरीचा पीळ काढत होती. "मला दुपारीच यायला लागेल. प्रत्येक वेळी."

 फ्रीजवाला वळून हातगाडीचे पट्टे गुंडाळायला लागला; ते गुंडाळलेलेच होते. कवळीवाली त्याच्याकडे बघत राहिली. आपलं हवं असलेलं उत्तर हातातून गेलं, हे तिला कळत होतं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं ते कशाचं, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

"आणि पुढच्या वेळी," भुंगा म्हणाली, "मी काही सांगितलं तर ऐक."

"ऐकीन."

"फ्रीजचं ऐकतोस तसं."

"हो गं."

"दोन तास असा उभाच राहणार आहेस का?" कवळीवाली म्हणाली. "बस."

तो मुलीच्या खाटेच्या कडेवर बसला. भुंग्यानं घड्याळ बघितलं. चारला दहा मिनिटं कमी होती. बंद मशीनसमोर ती खुर्चीत पाय वर घेऊन बसली, आणि थोड्या वेळानं तिचं तिलाही न कळता नाकातल्या नाकात गुणगुणायला लागली.